जपानबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न (डोंबिवलीत, लग्नात आणि व्हॉट्सॲपवर)

मी २०१२ पासून टोकियोत राहतो. दर डिसेंबरात तीन आठवडे डोंबिवलीला येतो आणि त्या तीन आठवड्यांत तेच दहा-बारा प्रश्न निदान चाळीस जणांकडून ऐकतो. मागे मावसभावाच्या लग्नात हातात मठ्ठ्याची वाटी धरून "हो, ट्रेन वेळेवर असते" हे वाक्य मी सात वेळा म्हटलं. तेव्हाच ठरवलं की हे एकदा लिहून काढायचं आणि पुढच्या वेळी सरळ पुढे करायचं. मी जपानचा जाणकार वगैरे नाही. तिथे भाडं भरतो, कर भरतो. मत मात्र देता येत नाही, म्हणून मतं बाळगतो.

ट्रेन खरंच सेकंदावर धावतात का?

हो. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्सुकुबा एक्स्प्रेसची एक गाडी मिनामी-नागारेयामा स्टेशनवरून ९ वाजून ४४ मिनिटं ४० सेकंदांनी सुटायची, ती ४४ मिनिटं २० सेकंदांनीच सुटली. वीस सेकंद आधी. एकाही प्रवाशाने तक्रार केली नव्हती, तरी कंपनीने जाहीर माफी मागितली. साऱ्या जगाने ही बातमी हसत हसत छापली. माझ्या वडिलांना सांगितली तर ते गंभीर झाले. "आधी सोडली? मग मागायलाच पाहिजे माफी." त्यांनी चौतीस वर्षं एकच लोकल पकडली आहे. त्यांना उशिराचं काही वाटत नाही, पण आधी सुटलेली गाडी म्हणजे विश्वासघात.

गाडीला उशीर झाला तर स्टेशनवर एक चिठ्ठी मिळते, ‘चिएन शोमेइशो’, म्हणजे उशिराचा दाखला. तो ऑफिसात दाखवायचा. मी आमच्याकडच्या रेल्वेत अशा चिठ्ठ्यांना किती कागद लागेल याचा हिशेब करायला घेतला होता, मग सोडून दिला.

गर्दीचं म्हणाल तर डोंबिवलीकराने टोकियो मेट्रोच्या तोझाई लाइनवर घरच्यासारखं वाटून घ्यावं. मी निशी-कासाईला राहतो. पुढे किबा ते मोन्झेन-नाकाचो हा टप्पा कोविडच्या आधी सकाळी क्षमतेच्या १९९ टक्के भरायचा. तो सरकारी आकडा आहे. फरक इतकाच की आपल्याकडे त्या गर्दीत भांडण असतं, भजन असतं, कुणी शेंगा सोलत असतं. इथे दोनशे माणसं एकमेकांच्या बरगड्यांत कोपरं घालून उभी असतात आणि कुणाचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही.

आणि मग कधीतरी फलकावर ‘जिंशिन जिको’ अशी अक्षरं येतात. मनुष्य-अपघात. बहुतेक वेळा कुणीतरी रुळांवर उडी घेतलेली असते. फलाटावरचे सगळे घड्याळ बघतात, फोन काढतात, दाखल्याच्या रांगेकडे वळतात. पहिल्या वर्षी मला हे भयंकर वाटलं होतं. आता मीही घड्याळ बघतो. हे मी लग्नात सांगत नाही.

तिकडे तू खातोस काय? भात मिळतो का?

मिळतो. मावशी, जपानी तांदूळ हा आपल्या इंद्रायणीचा लांबचा भाऊ समज. बुटका, गोडसर, चिकट. गुरगुट्या भातावर वरण, तूप, लिंबू, मग टोकियो काय आणि मावळ काय. वरण-भातासाठी मला तो कोलमपेक्षा आवडतो. मसालेभात मात्र त्याचा करायला जाऊ नये, लगदा होतो.

पण गेली दोन वर्षं भाताचं नाव काढलं की इथे माणसं उसासा टाकतात. पाच किलोची पिशवी साधारण २,००० येनला मिळायची. मे २०२५ पर्यंत ती ४,२०० येनच्या वर गेली. सुपरमार्केटात पाटी: ‘एका कुटुंबाला एकच पिशवी’. जपानात, तांदळासाठी! वर्तमानपत्रांनी याला ‘रेइवा काळातला तांदूळ-दंगा’ असं नाव दिलं (रेइवा म्हणजे आत्ताच्या सम्राटाची कारकीर्द), कारण १९१८ साली इथे भाताच्या भावावरून खरेच दंगे झाले होते आणि सरकार पडलं होतं. या वेळी दंगा कुणी केला नाही. लोक रांगेत उभे राहिले.

कारणं विचाराल तर २०२३ चा उन्हाळा इतका कडक गेला की दाणा पांढुरका पडला. निईगाताच्या नामांकित कोशिहिकारीतला जेमतेम पाच टक्के पहिल्या प्रतीचा निघाला. मग ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने मोठ्या भूकंपाचा इशारा दिला आणि लोकांनी घरं भरून ठेवली. पण ही झाली वरवरची कारणं. खरं दुखणं पन्नास वर्षांचं आहे. १९७०च्या सुमारापासून सरकार शेतकऱ्याला भात *न* लावण्यासाठी पैसे देत आलं, भाव पडू नये म्हणून. कागदावर हे धोरण २०१८ साली संपलं, पण भाताऐवजी दुसरं काही लावलंत तर अनुदान, हे चालूच. बाहेरून तांदूळ आणावा तर किलोला ३४१ येन जकात. शेतकरी म्हातारे झाले, मुलं शहरात गेली, आणि देशात जेवढा खपतो बरोबर तेवढाच पिकवायचा असं गणित बसवलेलं. घड्याळासारखं नेमकं. एक पीक बिघडलं आणि घड्याळ बंद पडलं.

या सगळ्यात कृषिमंत्री ताकु एतो भाषणात म्हणाले की मी तांदूळ कधी विकत घेतलेला नाही, समर्थकच इतका देतात की घरात विकण्याइतका साठा आहे. तीन दिवसांत राजीनामा. आपल्याकडे असं काही म्हणून मंत्रिपद गेलं असतं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो मला वारंवार कुणी विचारत नाही.

त्यांच्या जागी आलेल्या शिंजिरो कोइझुमींनी सरकारी गोदामातला साठा पाच किलोला सुमारे २,००० येनने बाजारात सोडला. आणि इथून माझी करमणूक सुरू झाली. तो साठा जुना होता. २०२२ चा तांदूळ म्हणजे ‘को-को-माई’, जुना-जुना तांदूळ. २०२१ चा ‘को-को-को-माई’. टीव्हीवर तज्ज्ञ डोळे मिटून घास चावत होते आणि ‘वास येतो का हो?’ यावर चर्चा. एका विरोधी पक्षाचे नेते बोलून गेले की आणखी वर्षभराने हा जनावरांचं खाद्यच झाला असता. मग त्यांनाही माफी मागावी लागली. जपानी माणसाला ‘शिनमाई’ हवा, नवा तांदूळ, या शरदातला. आता माझी आजी वाण्याकडून येताना काय विचारायची? "जुना आहे ना रे?" नवा चिकट, पोटाला जड, जुना मोकळा शिजतो, फुलतो. सरकारी साठ्याची पिशवी मी रांगेत उभं राहून आणली आणि तेरा वर्षांत पहिल्यांदा जपानी तांदळाचा बरा मसालेभात झाला. शेजारच्या काकूंना सांगितलं तर त्यांच्या चेहऱ्यावर सहानुभूती होती.

शाकाहारी मिळतं का?

"यात मासा आहे का?" "नाही." "मांस?" "नाही." "मग हा वास?" "तो रश्श्याचा." रस्सा कशाचा, तर सुकवलेल्या बोनितो माशाचा. त्यांच्या लेखी तो मासा नव्हे, ते पाणी आहे.

मग इंडियन हॉटेलं असतीलच ना?

गल्लोगल्ली. बाहेर तिरंगा, आत नेपाळी मालक, आणि ताटाच्या बाहेर दोन्हीकडून वीतभर लोंबणारा गोडूस नान. जपानी माणसाची पक्की समजूत आहे की आपण सकाळ-संध्याकाळ नान खातो. ऑफिसातल्या एकाने विचारलं होतं की तुमच्या घरात तंदूर कुठल्या खोलीत असतो. मी पोळीचं सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे चपटा नान." सोडून दिलं.

या हॉटेलवाल्यांचं मात्र अवघड आहे. ‘व्यवसाय-व्यवस्थापक’ व्हिसासाठी पूर्वी ५० लाख येन भांडवल दाखवायचं होतं. १६ ऑक्टोबर २०२५ पासून ते ३ कोटी झालं, शिवाय एक पूर्णवेळ कर्मचारी ठेवायचा आणि जपानी भाषेची अट. कागदी कंपन्या काढून व्हिसा घेणाऱ्यांना आळा घालायचा म्हणून हे केलं, आणि तसे लोक होते हे खरंच. पण ९०० येनला सूप-सॅलडसह थाळी देणारा माणूस ३ कोटी कुठून आणणार? जुन्यांना तीन वर्षांची सवलत आहे. आमच्या कोपऱ्यावरचा दाजू (नेपाळीत दादा) म्हणतो, तीन वर्षांत बघू. हे तो नेपाळीत म्हणतो, पण ऐकताना अगदी मराठी वाटतं.

जपान म्हणजे तंत्रज्ञान. सगळं कॉम्प्युटरवर असेल?

बसा. पाणी घ्या.

२०१८ साली सायबर-सुरक्षेची जबाबदारी असलेले मंत्री योशिताका साकुरादा संसदेत म्हणाले की मी स्वतः कधी कॉम्प्युटर वापरलेला नाही. पुढच्या वर्षी माहिती-तंत्रज्ञान खातं ७८ वर्षांच्या नाओकाझु ताकेमोतोंकडे आलं. ते शिक्क्यांची परंपरा जपणाऱ्या खासदार-गटाचे अध्यक्ष होते. मग मंत्री तारो कोनोंनी शिक्के, फॅक्स आणि फ्लॉपी यांच्याविरुद्ध आघाडी उघडली, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात सरकारने जाहीर केलं की ‘फ्लॉपीवर सादर करा’ असं सांगणारे हजारावर नियम रद्द झाले. एकविसाव्या शतकाचं पाव शतक उलटत आलं होतं.

शिक्का म्हणजे ‘हानको’. सहीऐवजी. माझं आडनाव ढवळे. जपानीत ढ नाही, ळ नाही आणि व चा ब होतो, त्यामुळे मी इथे ‘दाबारे’ आहे. सरकारी कार्डावर पासपोर्टातलं वडिलांचं नावही येतं, म्हणून दवाखान्यात नर्स बाहेर येऊन हाक मारते, "दाबारे सुहासु दात्तातोराया-सामा!" आणि सगळा दवाखाना बघतो की एवढे तिघे कोण आलेत. या ‘दाबारे’चा शिक्का करून घेतला. एकदा बँकेत फॉर्मवर उमटवला तर काउंटरवरच्या बाईंनी त्यावर पारदर्शक पट्टी ठेवली, भिंगातून पाहिलं, आत गेल्या, दुसऱ्या बाईंना घेऊन आल्या. नोंदवलेल्या ठशाशी जुळत नाही म्हणे. शिक्क्याची कड टवकली होती. मी समोर उभा, पासपोर्ट हातात, चेहरा माझा, कार्डावर फोटो माझा. बाई हात जोडून, कमरेत वाकून, खरोखर दुःखी आवाजात म्हणाल्या की आपण आहात याबद्दल शंका नाही, शिक्का तो नाही. पंधरा मिनिटांत चार वेळा माफी मागितली. काम झालं नाही.

ऑनलाइन करावं तर नाव ‘झेनकाकु’ अक्षरांत घाला म्हणतं, म्हणजे पूर्ण रुंदीच्या. घातलं की वडिलांच्या नावापर्यंत येता येता रकाना संपतो. आणि जन्मसाल १९८३ नाही चालत काही ठिकाणी, सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष लागतं, शोवा ५८ लिहायचं. २०२५ म्हणजे रेइवा ७. आपल्याकडे शके निदान पंचांगात आणि लग्नपत्रिकेत राहतो, वीजबिलावर येत नाही.

फारच स्वच्छ असतं ना सगळं?

असतं. कारण कचरा टाकायला जागा नसते. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारीन वायूचा हल्ला झाला. त्यानंतर सुरक्षेसाठी सार्वजनिक कचराकुंड्या काढल्या, त्या बऱ्याच ठिकाणी परत आल्याच नाहीत. त्यामुळे स्टेशनवर केळं खाल्लं तर साल खिशात, संध्याकाळी घरी. कोटाच्या खिशातून दोन दिवसांनी साल निघण्याचा अनुभव माझ्याकडे आहे.

घरचा कचरा म्हणजे शास्त्र. जळणारा, न जळणारा, पुनर्वापराचा. वार ठरलेले, वर कावळ्यांसाठी निळी जाळी. चुकलात तर पिशवी तिथेच राहते, तिच्यावर चिठ्ठी चिकटते आणि येणारा-जाणारा वाचतो. शिकोकूमधल्या कामिकात्सू गावात तर चाळीसहून जास्त प्रकारांत वर्गवारी करतात. मला आमच्या एदोगावा वॉर्डातच घाम फुटतो.

गणपतीत आम्ही चार घरं मिळून उकडीचे मोदक करतो. (उकडीला इथलं ‘जोशिन्को’ पीठ झकास चालतं, हे लिहून ठेवा.) त्या वर्षी अख्खे नारळ मिळाले, आणि मग प्रश्न पडला, करवंटी कशात? जळेल म्हणावं तर दगडासारखी टणक. वॉर्ड ऑफिसला गेलो. खिडकीतल्या तरुणाने जाडजूड पुस्तिका काढली. ‘को’ अक्षराखाली कोनबू होतं, कोट होता, कोनबिनीचा (म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाचा) डबा होता. ‘कोकोनात्त्सु’ नव्हतं. ‘या’ खाली ‘याशी’ बघितलं, तेही नाही. त्याने मला करवंटीचं चित्र काढायला सांगितलं. मी काढलं. तो दोन्ही हातांनी ते घेऊन आत गेला. तिघे जण त्या चित्रावर वाकलेले मला काचेतून दिसत होते. वीस मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाला, चौकशी करून कळवतो. माझा नंबर घेतला.

लोक फार प्रामाणिक आहेत म्हणे?

पाकीट हरवलं तर परत मिळतं, आतल्या नोटांसकट. माझं दोनदा मिळालंय. साधी पारदर्शक छत्री मात्र दुकानाबाहेरच्या स्टँडवर ठेवली तर गेली. पाकीट दुसऱ्याचं असतं आणि छत्री पावसाची, असं काहीसं असावं.

कोनबिनीत खायचा पदार्थ घरी नेलात तर कर ८ टक्के, तिथेच बसून खाल्लात तर १०. २०१९ पासून. काय ते गिऱ्हाइकाने स्वतःहून सांगायचं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून खाणाऱ्यांपैकी किती जण ‘इथेच खाणार’ म्हणतात, हे मी खूप दिवस निरखलं. त्याच खुर्चीवर बसून, ८ टक्क्यांचा ओनिगिरी खात.

पहिली बाई पंतप्रधान झाली ना? म्हणजे बायकांना चांगले दिवस?

झाल्या. सानाए ताकाइची, २१ ऑक्टोबर २०२५. पक्षाध्यक्ष झाल्या त्या दिवशी म्हणाल्या, मी काम करेन, काम करेन, काम करेन, काम करेन आणि काम करेन. पाच वेळा. काम आणि घर यांचा तोल वगैरे शब्द मी टाकून देते, असंही. ज्या देशाने जास्त कामाने मरण्याला ‘कारोशी’ हा खास शब्द काढला, तिथे वर्षअखेरीला हेच वाक्य ‘वर्षातला गाजलेला शब्दप्रयोग’ म्हणून निवडलं गेलं. बायको म्हणाली, यात नवीन काय, घरोघरी बायका न बोलता हेच करतात.

आता आडनावाची गंमत ऐका. इथल्या कायद्याने नवरा-बायकोचं आडनाव एकच पाहिजे. कुणाचं, ते तुम्ही ठरवा. पण ठरतं काय, तर सुमारे ९५ टक्के जोडप्यांत बाईच बदलते. आपल्या माहितीत असा दुसरा देश नाही, असं जपान सरकारच सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ आणि २०२१ मध्ये कायदा योग्य ठरवला. वेगळी आडनावं ठेवू द्या ही मागणी कित्येक दशकांची आहे, आणि ताकाइचीबाईंचा तिला विरोध. त्यांचं पहिलं लग्न झालं तेव्हा कायद्याने त्या यामामोतो झाल्या, राजकारणात मात्र ताकाइचीच राहिल्या. घटस्फोट झाला, २०२१ मध्ये त्याच गृहस्थांशी पुन्हा लग्न केलं, आणि या खेपेला नवऱ्याने आडनाव बदललं. ते आता ताकाइची. म्हणजे घरातला प्रश्न सुटला. देशातला आहे तिथे आहे.

तिकडे परदेशी लोकांना हाकलणार आहेत का?

हा प्रश्न २०२५ च्या जुलैनंतर सुरू झाला. वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत सान्सेइतो नावाच्या पक्षाने ‘जपानी माणूस आधी’ या घोषणेवर १४ जागा जिंकल्या. त्यानंतर बाकीचे पक्षही परदेशी माणसाबद्दल बोलताना घसा खाकरायला लागले.

देशात परदेशी किती? २०२४ च्या अखेरीला ३७ लाख ६९ हजारांच्या आसपास, लोकसंख्येच्या तीन टक्के. माझ्या कोनबिनीत रात्री काउंटरवर एक नेपाळी आणि एक व्हिएतनामी मुलगा असतो. समोरच्या इमारतीची परांची बांधणारे इंडोनेशियाचे. ‘परदेशी फार झाले’ असं म्हणणारे आजोबाही बेंतो त्याच मुलाकडून गरम करून घेतात. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मोदी आले तेव्हा करार काय झाला? पाच वर्षांत दोन्ही देशांत मिळून पाच लाख लोकांची ये-जा, त्यात भारतातून ५० हजार कुशल माणसं जपानात. एका हाताने बोलवायचं, दुसऱ्याने दार लोटायचं. माणसं नकोत, हात हवेत.

पण मला यावर फार तावातावाने बोलता येत नाही. ‘गाइजिन’ म्हणजे शब्दशः बाहेरचा माणूस. सभ्य माणसं मध्ये ‘कोकु’ घालून ‘गाइकोकुजिन’ म्हणतात, अर्थ फारसा बदलत नाही. मी डोंबिवलीत वाढलो. आमच्या गॅलरीत संध्याकाळी खुर्च्या टाकून ‘बाहेरचे फार झाले’ हा विषय किती वर्षं चघळला गेला, आणि त्यात मीही चहा पीत माना डोलावल्या. भूमिपुत्र, स्थानिकांना प्राधान्य, सगळं पाठ. निशी-कासाई स्टेशनबाहेर भोंग्यावर त्या पक्षाचा उमेदवार बोलत होता तेव्हा अर्धे शब्द कळले नाहीत, पण चाल ओळखीची होती. फक्त या खेपेला गाण्यातला पाहुणा मी होतो.

आमच्या एदोगावाने मात्र २०१९ मध्ये महाराष्ट्रातून आलेल्या, जपानी नागरिकत्व घेतलेल्या योगेंद्र पुराणिकांना वॉर्डाच्या सभेवर निवडून दिलं होतं. हेही त्याच जपानात घडलं.

भूकंपाची भीती नाही वाटत?

वाटते, पण रोज वाटून घेता येत नाही. आमच्या देव्हाऱ्यातला पितळी गणपती खाली चिकट जेलची चकती लावून बसवलाय. आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, देवाला चिकटवलंस? मी म्हटलं, प्राणप्रतिष्ठाच ती, इथल्या पद्धतीची. फोनवर इशारा येतो तो आवाज एकदा ऐकला की झोपेतही ओळखता येतो. आधी पॅन्ट, मग चप्पल, मग गॅस.

जुनी घरं फुकट मिळतात असं यूट्यूबवर बघितलं. एक घेऊन ठेवू का?

मामा, घेऊ नका.

रिकामी घरं आहेत. २०२३ च्या पाहणीत ९० लाख, देशातल्या प्रत्येक सातातलं जवळजवळ एक. २०२४ मध्ये या देशात ६ लाख ८६ हजार बाळं जन्मली आणि १६ लाखांवर माणसं गेली. दोन्हींतलं अंतर म्हणजे एका वर्षात नागपूर साधारण एक-तृतीयांश मोकळं झालं असं समजा. तेव्हा घर स्वस्त मिळेल. पण घराबरोबर व्हिसा मिळत नाही. छप्पर गळतं. ट्रेन दिवसातून चार. आत कुणाच्या तरी आजोबांची भांडी, गाद्या, देव्हारा, सगळं तसंच असतं आणि ते वर्गवारी करून टाकायचं तुम्हाला. करवंटीची गोष्ट वर वाचलीत ना?

शिवाय अस्वलं. हसू नका. गावं ओस पडली, परसातली पर्सिमनची झाडं तोडायला कुणी नाही, जंगलात बीचच्या बिया कमी लागल्या, आणि अस्वलं खाली उतरली. २०२५ मध्ये त्यांच्या हल्ल्यांत माणसं दगावण्याचा उच्चांक झाला. आकिता जिल्ह्यात सापळे वाहायला लष्कराची मदत घ्यावी लागली, कारण शिकारीही म्हातारे झालेत. वर्षअखेरीला देशभरातून मतं मागवून वर्षाचं एक अक्षर निवडतात, ते निघालं ‘अस्वल’. तांदूळ अगदी थोडक्यात दुसरा.

येन पडलाय, तुझा फायदा की तोटा?

मी आलो तेव्हा १०० येनचे ६५-७० रुपये यायचे. जुलै २०२४ मध्ये ५२ आले. गृहकर्ज डोंबिवलीत, पगार येनमध्ये. हिशेब तुम्हीच करा, मला करवत नाही.

फायदा प्रवाशांचा. २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाख आले, २०२५ मध्ये ४ कोटींच्या वर. फुजी डोंगराखाली एका गावात लॉसनच्या दुकानामागे डोंगर झकास दिसायचा, म्हणून फोटोवाल्यांनी इतकी झुंबड केली की मे २०२४ मध्ये गावाने रस्त्याच्या कडेला अडीच मीटर उंच काळी जाळी उभारली. फुजी झाकायला! काही दिवसांत जाळीला फोनच्या कॅमेऱ्याएवढी भोकं पडली. ऑगस्टात वादळ येतंय म्हणून ती काढली. वादळाचे आभार मानावेत की नाही, यावर गावाने काही म्हटलं नाही.

आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत येऊ का? की जुलैत?

मेच्या पहिल्या आठवड्यात सगळा जपान सुट्टीवर असतो, तो टाळा. जुलै-ऑगस्ट तर नकोच. ५ ऑगस्ट २०२५ ला इसेसाकीत ४१.८ अंश होतं, वर दमट. त्यापेक्षा जळगावला जा, ओळखीची माणसं आहेत.

मुलगा आयटीत आहे. पाठवू का?

जपानी शिकवून पाठवा. भाषा न शिकता आलेले निशी-कासाईत मराठी बोलतात, ऑफिसात इंग्रजी बोलतात आणि दवाखान्यात हातवारे करतात. मला हे तिन्ही येतं.

करवंटीचं काय झालं?

हा प्रश्न फक्त आई विचारते.

अकराव्या दिवशी फोन आला. "दाबारे-सामा, वॉर्डाच्या कचरा विभागातून बोलतोय." करवंटी जळणाऱ्या कचऱ्यात चालेल, पण शक्यतो फोडून, आणि एका वेळी थोड्या. उत्तराला वेळ लागला याबद्दल मनःपूर्वक क्षमस्व. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीसाठी एक विचारायचं होतं: शेंडी वेगळी धरायची का?